सोळा आणे पोटखराब

रावजीनं शिडीच्या पहिल्या पायरीवर करवत ठेवली, तशी धाकूनं सुतळी ताणली.

"मापात काप हां, दादा. तुज्या बाजूला बोटभर जास्त गेला तर बगून घेन."

"मंग तूच काप. मी सुतळी धरतो."

"नको नको. करवत तुजी, सुतळी माजी. काप."

शिडी होती चांगली नऊ पायऱ्यांची, भरीव बांबूची. पण घरवाटणी म्हटली की शिडी काय नि देव्हारा काय! दोघा भावांनी खळ्यात उकिडवं बसून नऊच्या नऊ पायऱ्या मधोमध कापल्या. वर वैशाखाचं ऊन आणि खाली तांबड्या मातीचा फुफाटा. घाम गाळून उठले तेव्हा दोघांच्या हातात एकेक लांब बांबू, आणि त्याला फणीच्या दातांसारखी नऊ-नऊ खुटकं.

धाकूची बायको तुळसा पडवीतनं बघत होती. ती म्हणाली, "आता ह्येच्यावर चडायचा कसा?"

"चडायचा मागनं बगू," धाकू म्हणाला. "आदी वाटनी."

देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत ही वाडी. घर एक, मध्ये कुडाची भिंत. शिमग्याला रावजीची बायको गोदा आणि तुळसा ह्यांच्यात एका सुक्या बांगड्यावरनं वाजलं, आणि त्या दिवसापासनं दोघा भावांनी वाटणीचा सपाटा लावला. गोठ्यात दोन बैल होते. एकेक वाटून घेतला. एका बैलानं नांगर कसा धरायचा, हे मृगाच्या तोंडाशी बघू म्हणाले. पाटा रावजीच्या वाट्याला गेला आणि वरवंटा धाकूच्या. तेव्हापासनं दोन्ही घरच्या आमटीला चव नव्हती. मग नवरे रानात गेले की गोदा आणि तुळसा मागच्या दारी बसून एकीच्या पाट्यावर दुसरीच्या वरवंट्यानं वाटप वाटायच्या. बांगड्याचं भांडण त्या कधीच विसरल्या होत्या. बाप्यांना मात्र कोण सांगणार?

एवढं सगळं वाटलं तरी फणसाचा तुकडा राहिलाच. साडेचार गुंठ्यांची जागा. निम्मा कातळ, उरलेल्यात वीतभर माती, वर्षाला पसाभर नाचणी. त्या जागेसाठी कुत्रंही भांडलं नसतं. पण तुकड्याच्या बरोब्बर मध्यात उभा होता तो फणस. कापा. एकेक गरा तळहाताएवढा, खडीसाखरेसारखा कुरकुरीत. पंचक्रोशीत तसा फणस नाही, असं धाकू सांगायचा. रावजीही तेच सांगायचा. दोघांचं एकमत होतं ते एवढ्याच एका गोष्टीवर.

"त्या झाडाची आठळी कुनी थुकली?" रावजी विचारायचा. "मी. मी तवा धा वर्सांचा. मामाकडनं येताना गरा खाल्ला नि त्या जाग्यावर थुकलो. माज्या तोंडातला झाड हाय त्ये."

"आनि पानी कुनी घातला?" धाकू उसळायचा.

"तू? तुला घागर तरी उचलायची का तवा?"

"घागर कशाला पायजे? रोज तिन्हीसांजेला पुडं जायला भ्या वाटायचा म्हनून मी तितंच उभा ऱ्हायचो. चार वर्सा! इचार आख्ख्या वाडीला. त्या झाडाला माजाच पानी हाय!"

आणि अख्ख्या वाडीनं ते खरंच पाहिलं होतं.

अशात सरकारची पोटहिस्सा मोजणी निघाली. तलाठीअण्णांनी चावडीत वाचून दाखवलं. एका नंबरात जितके वाटेकरी, तितके पोटहिस्से पाडायचे. ज्याची जिथे वहिवाट तिथे त्याचं नाव. ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीवर दगड आणून ठेवायचे. एकदा का नकाशा झाला, की बापजन्मी बदल नाही.

धाकूला त्या रात्रीपासनं घास गोड लागेना. तो तुळसाला म्हणाला, "झाड त्येच्या हिश्श्यात गेला, तर मी गऱ्यासाटी दादाच्या दारात उबा ऱ्हाऊ?"

"भावाच्याच दारात ना?"

"भावाच्या दारात उबा ऱ्हान्यापरीस मी बरका खाईन!"

कापा खाणाऱ्यानं बुळबुळीत बरका खाईन म्हणावं, म्हणजे पाणी कुठवर आलंय ते तुळसाला कळलं.

दोघांनी दगड आणायला सुरुवात केली. धाकूनं दहा आणले की रावजी बारा आणायचा. मोजणीच्या दिवसापर्यंत तुकड्यात नाचणीला जागा उरली नव्हती, एवढे हद्दीचे दगड पडले.

मोजणीदार आला तो घाटावरचा. साताऱ्याकडचा गडी, अंगानं दांडगा, डोक्यावर फेटा, आणि गालात चोवीस तास विडा. बोलताना आधी पचकन थुंकायचा, मग बोलायचा. साखळी धरायला वाडीतलाच केरू लावला होता. तलाठीअण्णा नोंदीचं पुस्तक घेऊन आले. पण उन्हात शाई सुकते म्हणून ते पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आंब्याच्या सावलीत जाऊन बसले. अण्णांचा डावा कान अधू होता आणि उजव्यावर टोपी. इकडनं केरूनं ओरडून माप सांगायचं आणि तिकडनं अण्णांनी लिहायचं, अशी तोड निघाली.

साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, एकेका भागाला म्हणायचं आणा. केरूला ते फार आवडलं. सकाळपासनं तो घसा ताणून ओरडत होता, "अन्नाऽऽ, दोन साकळ्या नऊ आने!" आणि पलीकडनं अण्णा "नऊ आनेऽऽ" करून लिहीत होते.

फणसाच्या तुकड्यात साखळी पडली. मोजणीदारानं मध्य काढला, रेघ धरली, आणि चालता चालता त्याचं नाक जाऊन फणसाच्या बुंध्याला लागलं.

"आयला! हे काय मध्येच?"

"फनस, सायेब," दोघे भाऊ एका आवाजात म्हणाले. "माजा."

मोजणीदार थुंकला. "हे बघा, झाडातनं रेघ जात नसते. झाड एकतर ह्या हिश्श्यात, नाहीतर त्या. रेघ आणाभर इकडं वाकवीन, नाहीतर आणाभर तिकडं. वहिवाट कुणाची?"

"माजी!"

"माजी, सायेब! आठळी माज्या तोंडातली—"

"पानी माजा! सायेब, मी चार वर्सा—"

"गप!" मोजणीदार ओरडला. "आठळी नि पाणी मला नको सांगू. नियम साधा आहे. ह्याचं फळ कोण खातं? जो फळ खातो त्याची वहिवाट. जेवण झाल्यावर बघतो." आणि तो पडवीत जाऊन बसला.

धाकूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फळ कोण खातं? मग दाखवूच की! तो तुळसाकडे धावला. पिकलेला फणस फोडला, हातांना खोबरेल लावून गरे काढले आणि पितळी परात भरून मोजणीदारापुढे ठेवली.

"घ्या सायेब. आमच्या घरात ह्ये असा रोजच."

घाटावरच्या माणसानं जन्मात कापा खाल्ला नव्हता. पहिला गरा तोंडात गेला आणि त्याचे डोळे मिटले. विडा तर त्यानं आधीच थुंकून टाकला होता. "अरे," तो म्हणाला, "हे तर राजाचं खाणं!" आणि त्यानं परात संपवली.

धाकू कुडाजवळ येऊन छाती काढून उभा राहिला. तेवढ्यात पलीकडनं रावजी आला. हातात केळीचं पान, पानावर फणसाची भाजी, भाजलेल्या आठळ्या, फणसाचं सांदण, वर नारळाचा रस.

"सायेब, त्येनं वाडला त्ये कोरडा. ह्ये बगा. फळ खातो म्हनजे कसा खातो, त्ये बगा!"

"त्येच झाडाचा हाय का त्ये? का तुज्या मेवन्याकडनं आनलास?" धाकूनं विचारलं.

"तुज्या आयशीला इचार!"

"माजी आयस ती तुजीच आयस मेल्या!"

मोजणीदारानं दोघांनाही हातानं गप केलं आणि पान चाटूनपुसून साफ केलं. मग ढेकर दिला. मग कनवटीची चंची काढली, पानाला चुना लावला, कात घातला, सुपारी घातली आणि विडा तोंडात टाकला.

गोदाच्या हातातला तांब्या पडला. तुळसा "अगो बाय माजे!" करून खालीच बसली.

कोकणातल्या शेंबड्या पोराला कळतं, की फणसावर विडा खाऊ नये. फणसावर विडा पडला की तो पोटात फुगतो आणि माणूस टर्रकन फुटतो. फुटलेला माणूस कुणी पाहिला नव्हता, पण ज्यानं तो पाहिला होता असा माणूस सगळ्यांनीच पाहिला होता.

"सायेब, थुका!" धाकू ओरडला. "थुका त्ये!"

"का रे?"

"फनसावर पान म्हनजे मरान! प्वाट फुटतो!"

मोजणीदार हसला. पण हसता हसता त्याचा हात पोटावर गेला. खरं तर परातभर गरे, त्यावर भाजी, आठळ्या, सांदण आणि नारळाचा रस एवढं पोटात गेल्यावर विडा नसता खाल्ला तरी हात पोटावर गेलाच असता. पण 'फुटतो' हा शब्द कानात शिरला होता. मोजणीदाराच्या कपाळावर घाम आला.

"खरंच फुटतं?"

"माज्या चुलत आजाचा—" रावजीनं सुरुवात केली, आणि गोदानं त्याला चिमटा काढला.

सरकारी माणूस आपल्या पडवीत, आपल्या फणसानं फुटला, तर? रावजीच्याही डोळ्यांत तेच दिसलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलं.

"दादा, आगळ!"

"तू आगळ आन, मी ओवा आनतो!"

धाकूनं कोकमाचं आगळ वाटीभर पाजलं. रावजीनं मूठभर ओवा गरम पाण्यात पाजला. तुळसानं मिठाचं पाणी पाजलं. गोदानं एरंडेल आणलं. चारही उतारे पोटात भेटले आणि आत त्यांची पोटहिस्सा मोजणी सुरू झाली.

मोजणीदार उठला, तांब्या उचलला आणि धोतर सावरत दगडी गडग्याआड गेला. परत आला, बसला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा तर तांब्या न घेताच पळाला. रावजी आणि धाकू पाण्याच्या घागरी घेऊन मागे. एक घागर ह्याची, एक त्याची.

इकडे पऱ्याच्या पलीकडे अण्णांची सावली सरकली होती. माप येईना. ते ओरडले, "केरूऽऽ! नंबर बेचाळीसला काय लिहू?"

केरू फणसाखाली एकटा साखळी धरून उभा होता. तो सगळा घसा लावून ओरडला, "सायबाचा पोट खराब!"

अण्णांच्या कानावर टोपी. 'पोटखराब' एवढं बरोबर पोचलं. नंबरातली जी जागा पिकत नाही तिला सरकारी वहीत पोटखराबच म्हणतात, आणि त्या दिवशी अण्णांनी तो शब्द वीसदा तरी लिहिला होता. त्यांनी दौतीत टाक बुडवला.

"कितीऽऽ?"

"सगळाऽऽ! सोळा आने खराब!"

"धड काही नाही?"

"एक आना पन धड नाय अन्नाऽऽ!"

"आणि हिश्श्यांचं काय?"

"आता हिश्श्याचा नाव काडू नकाऽऽ!"

अण्णांनी डोकं हलवलं. कातळच तो, मनात म्हणाले. बरोबर आहे. आणि सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं: सर्वे नंबर बेचाळीस, क्षेत्र साडेचार गुंठे, पैकी पोटखराब साडेचार गुंठे. हिस्से नाहीत.

उन्हं कलायच्या आत मोजणीदाराला गाडीत आडवा घातला. अण्णांनी सह्यांसाठी पुस्तक पुढे केलं. त्यानं एका हातानं पोट धरलं, दुसऱ्या हातानं न बघता सगळीकडे सह्या केल्या आणि म्हणाला, "गाडी हाक. आणि वाटेत पाणी असलेला ओढा दिसला की थांब."

धाकू गाडीमागनं फाट्यापर्यंत धावला. "सायेब, झाड कुनाच्यात धरलाव?"

गाडीतनं फक्त कण्हणं ऐकू आलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. दोघांनी एकेक बैल एकत्र जुंपून भात लावलं, पण बोलले नाहीत. नांगर धरताना धाकू बैलाला सांगायचा, "त्या अंगाच्याला सांग, जरा सरळ चाल." मार्गशीर्षात कागद आले. अण्णांनी ते वाचून दाखवले.

"म्हनजे झाड कुनाचा?" धाकूनं विचारलं.

"कोणाचंच नाही. दोघांचं सामाईक. पोटखराबाला हिस्से पडत नाहीत."

"पन आमच्या हिकडं नाचनी व्हते!"

"कागदावर होत नाही."

दोघे चार कोस चालत देवरूखला कचेरीत गेले. एक पुढे, एक दहा पावलं मागे. तिथल्या कारकुनानं कागद बघितला, चष्मा कपाळावर चढवला.

"दुरुस्ती पाहिजे? देतो. अर्ज करा, की जमीन पिकते. मग शेतसारा बसेल. मग नवी मोजणी. नवा मोजणीदार येईल."

"खंयचा?" रावजीनं भीत भीत विचारलं.

"घाटावरचाच. आणि आत्ता ह्यावर सारा शून्य आहे. बघा, लिहू का अर्ज?"

धाकूच्या डोळ्यांपुढे तांब्या, गडगा आणि फुगलेला मोजणीदार नाचून गेला.

"नको," तो म्हणाला.

"नको," रावजी म्हणाला.

परतताना चढणीवर रावजी थांबला. धाकू मागनं आला, तोही थांबला.

"धाकल्या, झाड तुजा नाय तर माजा पन नाय."

"व्हय. आनि माजा नाय तर तुजा पन नाय."

"ह्ये बरा झाला."

"ह्ये लय बरा झाला," धाकू म्हणाला. तिथनं घरापर्यंत ते शेजारी शेजारी चालले. भावाच्या दारात उभं राहायची पाळी टळली होती, आणि भावाला आपल्या दारात उभं करायचीही. कुठलं जास्त बरं वाटलं, ते धाकूला सांगता आलं नसतं.

पुढच्या वैशाखात निरोप आला: सर्कलसाहेब पोटखराबाची तपासणी करायला येतायत. कागदावर खराब आणि जागेवर पीक, असं सापडलं की लगेच सारा बसवतायत. दोघा भावांनी नाचणीची धाटं उपटून काढली. मागल्या साली आणलेले हद्दीचे दगड नाचणीसाठी कडेला ढिगानं लोटलेलेच होते. ते तुकडाभर पसरले. उभ्या जन्मात त्यांनी मिळून एवढं काम केलं नव्हतं. तुकडा असा भकास दिसायला लागला, की वाटेनं जाणाऱ्याला रडू यावं.

पण झाडाचं काय करणार? बुंध्यापासनं शेंड्यापर्यंत फणस लगडलेले.

सर्कलसाहेब आले, दगडांतनं ठेचकाळत मध्यापर्यंत गेले, मान वर केली.

"हे कुणी लावलं?"

"म्हायत नाय सायेब," रावजी म्हणाला. "आठळी कुनी थुकली देव जाने. आपसूक आला."

"पाणी कोण घालतं?"

"कोन घालनार?" धाकू म्हणाला. "हिकडं कुनी फिरकत पन नाय. मी तर लहानपनापासनं हिकडं उबा पन ऱ्हायलो नाय."

लांब गडग्यावर बसलेला केरू खाली वाकून खोकायला लागला.

"आणि एवढी फळं कोण खातं?"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग धाकूनं हात जोडले आणि पडेल चेहरा केला.

"कुनी नाय खात, सायेब. ह्येचा फळ खाल्ला की पोट खराब व्हतो. सरकारच्या कागदावर पन तसाच लिवलाय."

सर्कलसाहेबांनी कागद बघितला. खरंच तसं लिहिलं होतं. त्यांनी खाली 'पाहिले, बरोबर' म्हणून सही केली आणि पाणीसुद्धा न पिता पुढच्या गावाला गेले.

त्यांची टोपी वळणाआड गेली, तसा धाकू घरात गेला आणि आपल्या वाटणीचा खुटक्यांचा बांबू घेऊन आला. रावजी आपला घेऊन आला. दोन्ही एकमेकांना लावले, खुटकं खुटक्याला जुळवलं आणि नऊच्या नऊ पायऱ्या सुंभानं करकचून बांधल्या. रावजीनं शिडी धरली, धाकू शेंड्यापर्यंत चढला आणि सगळ्यात मोठा फणस दोरीनं खाली सोडला. तुळसानं परात आणली, गोदानं खोबरेल आणलं. चौघं फणसाखाली दगडांवर बसून हनुवटीवरनं रस गळेपर्यंत खात राहिले. विडा कुणी खाल्ला नाही.

झाडाचा वाद त्या दिवशी संपला. शिडी बांधलेला सुंभ कुणाच्या घरचा, हा मात्र अजून चालू आहे.